न चाखता

वाऱ्यानं शेगडी पुन्हा विझली, तसा अंबेनं कुकर उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात आणून गॅसवर ठेवला.

बाहेर तिण्णैवर, दारालगतच्या ओट्यावर, शेषाद्री बसले होते. त्यांनी मान वळवली. "हे परसात करायचं ठरलं होतं."

"परसात वारा आहे."

"तोच वारा वास घेऊन माझ्यापर्यंत येतोय."

"मग नाक घेऊन देवळात जा," ती नवऱ्याला म्हणाली आणि आच वाढवली.

ते गेले नाहीत.

कुकरात बीफ होतं. श्रीकरनं दुपारी दुकानातूनच बारीक कापून आणलेलं. "आई, मीच करतो," तो म्हणाला होता. "तुला कॉफी धड जमत नाही," असं म्हणून आईनं त्याला ड्यूटीवर पिटाळलं. जाताना दारात थांबून तो हळूच म्हणाला, "आजही तिनं नाही खाल्लं, तर उद्या ॲडमिट करावं लागेल."

त्याची बायको सहाया आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तूत्तुकुडीला माहेरी बापाला माती देऊन आल्यापासून पाण्याशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. अंबेनं रसम करून पाहिलं, ताकभात करून पाहिला, गुळाची खीर केली. पानं जशी गेली तशी परत आली. बाप जहाजावर स्वयंपाकी होता. सुटीवर घरी आला की लेकीसाठी एकच पदार्थ रांधायचा: बीफ, अळंबी आणि वर दाट क्रीम.

डाळीच्या डब्याला फोन टेकवलेला होता. त्यावर पाठवलेल्या निरोपातून सहायाची आई तमिळमध्ये सांगत होती. मांस आधी मऊ शिजवून घ्या. लोण्यात कांदा परता, मग अळंबी. तिचं पाणी सुटेल, ते आटू द्या. मैदा चिमूटभर. मिरी भरपूर, मिरची नाही. क्रीम आच बंद करून घाला, ते म्हणायचे, नाहीतर फाटतं. 'ते म्हणायचे'पाशी आवाज अडायचा. नाक ओढल्यासारखं ऐकू यायचं. मग बाई पुढे सांगायची, मीठ तुमच्या अंदाजानं.

अंबेनं तो निरोप पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी बाई तिथंच अडली.

अंदाज अंबेच्या नाकात होता. देवाला दाखवल्याशिवाय या घरात कुणी काही तोंडात घालत नसे. मग रांधणारीनं चाखायचं कुठून? सांबाराची वाफ आली की मीठ कळायचं, पायसाची आली की गूळ कळायचा. ही वाफ मात्र तिच्या ओळखीची नव्हती. तिनं पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. दुसरी चिमूट हातात धरून उभी राहिली आणि परत डब्यात सोडली.

आच बंद केली. क्रीम घातलं. फाटलं नाही.

पातेलं दोन्ही हातांत धरून ती वळली आणि पाय रोजच्या वाटेनं निघाले. देवाच्या फळीपाशी येऊन ती पातेलं खाली ठेवायला वाकली. समईच्या उजेडात क्रीम पिवळसर दिसलं, तेव्हा ती भानावर आली.

"हे तुझं नव्हे," ती देवाला म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

सहाया वास येताच उठून बसली होती. केस मोकळे, डोळे सुजलेले. अंबेनं भात वाढला, वर ते वाढलं. सहाया पानाकडे बघत राहिली.

"अम्मा, तुम्ही केलंत?"

"शेजारीण आली होती करायला," अंबा म्हणाली. "खा आता."

सहायानं एक घास घेतला. बराच वेळ चावला. अंबेनं तिच्या गळ्याकडे पाहिलं. घास खाली उतरला.

"मीठ नाही, अम्मा."

"मुळीच नाही?"

"नावापुरतं आहे."

अंबा मिठाचा डबा घेऊन आली, भातावर मीठ भुरभुरलं. सहायानं कालवायला बोटं घातली. शितं चटईवर सांडली, मग बोटं तशीच पानात पडून राहिली.

अंबा तिच्याशेजारी खाली बसली. पदर खोचला. उजवा हात पानात घातला आणि तळापासून कालवलं. भात, मांस, अळंबी, क्रीम, सगळं एकजीव केलं. घास वळून सहायाच्या तोंडाशी धरला. सहायानं तोंड उघडलं.

"आता?"

"अजून थोडं."

अंबेनं डाव्या हातानं मीठ घातलं, उजव्यानं पुन्हा कालवलं.

बाहेरून शेषाद्रींचा आवाज आला. "अंबे, खाल्लं का तिनं?"

"खाते आहे."

"बरं. आणि आपलं जेवण?"

"माझा हात यात आहे," अंबा म्हणाली. "डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तुमच्या पानाला शिवणार नाही. भूक लागली असेल तर केळं खा."

तिण्णैवरून शेषाद्री उठल्याचं ऐकू आलं. सहायानं दचकून दाराकडे पाहिलं, मग सासूकडे. अंबेनं पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.

मागच्या दाराची कडी वाजली. परसातल्या नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला. बादलीच्या रिकाम्या बुडावर पाणी मोठ्यानं पडू लागलं आणि मग हळूहळू त्याचा आवाज भरत गेला.