तिसऱ्या फेरीची कळ

"पोरीच्या जातीले धावून का करा लागते?" चार वर्षांपूर्वीचं नवऱ्याचं हे बोलणं कलाबाईंच्या कानातून गेलंच नव्हतं. म्हणून आज लेकीला, रजनीला, सौंसरच्या डॉक्टरांकडे नेताना त्यांनी पुंडलिकरावांना विचारलंही नाही. तेच आपले सायकल हाणत मागोमाग आले आणि दाराशी उभे राहिले.

छिंदवाड्याची शर्यत आठ दिवसांवर आली होती, आणि रजनी रोज तिसऱ्या फेरीला बरगडीखाली कळ येऊन मैदानात मटकन बसत होती.

"धावायच्या आधी काय खातेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," रजनी पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली.

"चूल पेटायच्या आधीच पळते जी पोरगी," कलाबाईंनी सांगितलं.

"नवल आहे. अशी कळ बहुधा भरल्या पोटी धावलं की येते. दोन घंटे आधी खाणंपिणं थांबवलं, तर औषधही लागत नाही. आलीच, तर वाकून लांब श्वास सोडायचा."

दाराशी पुंडलिकराव खाकरले.

"पोरीले नोका बोलू, डॉक्टरसाहेब. मायले सांगू नको म्हून मीच बजावलं होतं. मैदानाच्या वाटेवर रोज तांब्याभर दूध मीच पाजून राहिलो तिले... पयली यावी म्हून."