सपाट रेघ

"मूठ आवळ, आई," ऋता दहाव्यांदा म्हणाली. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली.

आईच्या डोक्यावर मेंदूतल्या लहरी टिपणारी तारांची टोपी होती. पक्षाघातानंतर अकरा महिने अंधेरीच्या या खोलीत ती उघड्या डोळ्यांनी पडून होती. हात हलणार नव्हताच. पण सांगितलेलं समजून तिने नुसतं मनात आणलं असतं, तरी रेघ खाली आली असती.

"पाहिलंत?" ऋता मंजुळाबाईंना म्हणाली. "पाण्याचा एक रेणू ओला नसतो. असंख्य रेणू जमले की ओलेपणा येतो. जाणीवही तशीच, पेशींच्या जाळ्यातून उगवते. हिचं जाळं तुटलंय. आत आता कोणी नाही."

"त्यांच्यासमोर नका ना बोलू असं."

"समोर कोण आहे? तेच तर सांगतेय."

मंजुळाबाई दिवसभर आईला सांभाळायच्या. त्यांनी वेणी घातली की आईची आखडलेली बोटं सैल पडायची. ऋताच्या हातात ती तशीच राहायची. शिवाय त्याही तिला आईच म्हणायच्या. चाचणी झाली की उद्यापासून दुसरी बाई येणार, हे ऋताने ठरवून टाकलं होतं.

"मी सांगून बघू, ताई?"

"आधी दुसरं काहीतरी बोला." नुसत्या आवाजानेही रेघ हलू शकते, ती शक्यता तिला वगळायची होती.

मंजुळाबाईंनी वेसाव्याला बोंबील कसे वाळत घालतात ते सांगितलं. रेघ सपाट.

"आता मूठ."

"आई, मूठ आवळा बघू."

रेघ खाली आली. पुन्हा सांगितलं, पुन्हा आली. दहापैकी दहा वेळा.

ऋताने तारा तपासल्या, टोपी नीट बसवली. मग स्वतः सांगितलं. हळू, लहानपणीच्या लाडिक आवाजात. सपाट. पोटची मी, आणि ऐकते हिचं!

"तार सैल झाली असेल," मंजुळाबाई तिची कीव येऊन म्हणाल्या.

"तार माणूस बघून सैल होत नाही," ऋता फटकन बोलली, आणि थांबली.

आईचे डोळे छताकडे होते.

चाचणीच्या तक्त्यात सूचना देणाऱ्याच्या नावापुढे दोनच रकाने छापलेले होते : प्रतिसाद आहे, प्रतिसाद नाही. ऋताने शेजारी पेनाने तिसरा आखला आणि आपल्या नावापुढे लिहिलं : 'नकार.'