दिसायला नवी

भिंगरीला शर्यतीसाठी सायकल हवी होती. जुनी चालेल, पण दिसायला अगदी आजची. आईने दुकानांचे उंबरे झिजवले. शेवटी सायकली दुरुस्त करणारा तिचा सख्खा भाऊच धावून आला. वीस वर्षांची फ्रेम, वर गुळगुळीत काळा रंग, ब्रेकच्या तारा नळीत दडवलेल्या.

"ताई, कोण म्हणेल हिला म्हातारी?"

शर्यतीच्या दिवशी सगळ्या पोरी त्या सायकलभोवती जमल्या. आईचा ऊर भरून आला. शिट्टी व्हायच्या आधी ती भावाला दोन शब्द बोलायला गेली. तो पाठमोरा होता, स्वतःच्या मुलीच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होता.




"भिंगरीच्या मागे चिकटून जाऊ नकोस हं. तिच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा रंगाखाली तडकलाय. उतारावर तुटला, तर तूही आपटशील."