निरोप

कंपनी पाच जणांची होती तेव्हापासून ताई तिथे होत्या. आता माणसं पाचशेवर गेली आणि नव्या रचनेत ताईंसाठी जागाच उरली नाही. हे त्यांना तोंडावर सांगायचं साहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी ते काम एचआरच्या नव्या मुलीवर ढकललं आणि स्वतः केबिनचं दार लावून बसले.

अर्ध्या तासाने बाहेर ताईंचा आवाज आला. साहेबांनी घाईघाईने सेक्रेटरीला मेसेज केला, 'मी नाही म्हणून सांग.'

"साहेब बाहेर गेलेत," सेक्रेटरी चाचरत म्हणाली.

"असू दे गं. फक्त एक निरोप दे."

आत साहेब उठले. दाराच्या मुठीवर हात गेला, पण त्यांच्याच्याने दार उघडवेना.

"म्हणावं, त्या पोरीला रडूच फुटलं, तिला काही बोलता येईना. पूर्वी कुणाला काढायचं झालं की तुझीही जीभ रेटायची नाही, मग मीच जाऊन सांगायचे. आज माझं मला मीच सांगून टाकलं."