तुरीतला पाठ

रोशनी अंगणवाडी सेविकेचं प्रशिक्षण घेत होती. सरावाचा पाठ गेवराईजवळच्या तिच्याच पारधी वस्तीवर होता. पाठ बघायला प्रशिक्षण केंद्राच्या ढाकणे मॅडमची जीप आली आणि गोल करून बसलेली सगळी मुलं उठून शेजारच्या तुरीत पळाली.

"का गं पळाली?" मॅडमनी विचारलं.

"त्यांला वाटलं पोलीस आले. जीप दिसली की लपायचं, हे आमाला माय सगळ्यात आधी शिकवती."

रोशनी तुरीत शिरली. मुलं बाहेर येईनात, तेव्हा तिथंच बसून ती गोष्ट सांगू लागली. थोड्या वेळानं मॅडमही वाकून आत आल्या. एका चिमुरडीनं सरकून जागा केली, त्यांचा पदर ओढला आणि कुजबुजली,

"खाली बस. जीप अजून गेली न्हाई."