खुब्यातलं लोखंड

"नको, जमणार नाही," असं म्हणून क्लेमोने फोन ठेवला. त्याची बायको लोवेना सायीची रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हॉस्पिटलचा होता ना? ऑपरेशनची तारीख दिली?"

"दिली. नको म्हटलं."

दीड वर्ष यादीत काढल्यावर मिळालेली ही दुसरी तारीख होती. पहिली त्याने सर्दीचं निमित्त काढून टाळली होती. दोनदा नकार दिला की यादीतून नाव काढतात. संध्याकाळी पाचपर्यंत विचार बदलला तर कळवा, एवढी सवलत हॉस्पिटलच्या फोनवरच्या बाईंनी दिली होती. क्लेमोचं वय एकाहत्तर. खुबा इतका झिजलेला की जिना चढायला त्याला दहा मिनिटं लागायची.

हा सुरीला घाबरला, असं लोवेनाला वाटलं.

"जन्मभर बोटींची इंजिनं उघडलीस. आता स्वतःचा एक सांधा उघडायचा तर शेपूट घालतोस?"

"त्या सांध्यात धातू असतो," क्लेमो म्हणाला. "खिसे रिकामे करता येतात गं. खुबा कुठे काढून ठेवू?"

इथे मला मध्ये तोंड घालावं लागतं, कारण हा घोळ माझ्यामुळे झाला. कॉर्नवॉलमधल्या आमच्या गावात आमचं सात जणांचं मंडळ आहे. आम्ही जुने देव मानतो, झाडं मानतो, आणि पिस्की, म्हणजे आमच्याकडच्या वीतभर उंचीच्या पऱ्या, त्याही मानतो. गुडघे कुरकुरत असले तरी मखमली झगे घालून टेकडी चढतो. बारा वर्षांपूर्वी मीच लोवेनाला सांगितलं होतं की पिस्कींशी नातं जोडायचं तर रोज संध्याकाळी बागेत बशीभर साय ठेव आणि शांत बसून वाट बघ. लोखंड मात्र आसपास नको, त्यांना ते सोसत नाही. हे सांगताना माझ्या आवाजात असा काही अधिकार आला होता की माझाच त्यावर विश्वास बसला. माझ्या स्वतःच्या बागेला लोखंडी फाटक आहे, ती गोष्ट वेगळी.

क्लेमो यातलं काही मानत नाही. तरी त्याने बागेतल्या बाकाचे खिळे उपटून लाकडी खुंट्या ठोकल्या. तांब्याचं फावडं शोधून आणलं. रोज संध्याकाळी तो किल्ल्या आणि चाकू मागच्या दाराशी काढून ठेवायचा, बकल आहे म्हणून कमरेचा पट्टाही काढायचा, आणि एका हाताने पँट सावरत येऊन बाकावर लोवेनाशेजारी बसायचा. मग अर्धा तास दोघं नेच्याच्या झुडपांकडे बघत गप्प. बारा वर्षांत साय चाटायला शेजारचं मांजर तेवढं आलं. त्याचं पोट जमिनीला टेकायला लागलं, तेव्हा हे शुभलक्षण आहे असं आमच्या मंडळाने एकमताने ठरवलं.

एखादीने नवऱ्याला तिथल्या तिथे सांगितलं असतं की वेडेपणा पुरे, तारीख घे. लोवेनाने मला फोन केला.

"नव्या सांध्यात टायटॅनियम असतं म्हणे. ते लोखंडात धरायचं का?"

"मंडळाला विचारते," मी म्हणाले. एवढा मोठा निर्णय एकटीने कसा घेणार?

दुपारी तीनला लोवेना सोडून आम्ही सहा जण माझ्या स्वयंपाकघरात जमलो. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, असं एकीचं म्हणणं पडलं. पिस्की चुंबक घेऊन फिरतात का, असं दुसरीने विचारलं. धातू तो धातूच, असं मंडळातल्या पास्कोने ठणकावून सांगितलं. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यात दोन वर्षांपासून धातू आहे, पण ते बोलून दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही. मतदान झालं. तीन विरुद्ध तीन. मग केक कापला. क्लेमो त्याच्या खुर्चीत वाट बघत बसला असेल, हे केक संपेपर्यंत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

साडेचारला मी लोवेनाला निकाल कळवला. तिने तो क्लेमोला सांगितला. तो नेहमीसारखा हसेल, आमची टर उडवेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मग राहू दे," तो म्हणाला. "दिवसभर तू झाडांशी बोलतेस, नाहीतर त्या मंडळाशी. माझ्याजवळ बसतेस ती बागेतल्या अर्ध्या तासापुरती. लंगडत का होईना, तिथवर पोचतो ना मी. उद्या खुब्यात धातू घेऊन तिथे बसायची चोरी झाली, तर चांगल्या पायाने जाऊ कुठे?"

लोवेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिने मला नंतर सांगितलं, आणि ऐकून मलाही तसंच झालं.

पाचला दहा मिनिटं कमी होती. तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि तारीख पक्की करा म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी क्लेमोचं नाव लिहून घेतलं, जन्मतारीख विचारली. मग त्यांच्या फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. पेशंटची काळजी घ्यायची आहे, तर घरात कोण कोण राहतं?

एरवी कुणी असं विचारलं की लोवेना आधी खिडकीतून बागेकडे बघायची आणि मग काहीतरी गूढ हसून विषय बदलायची. या वेळी तिने क्लेमोकडे बघितलं.

"आम्ही दोघंच राहतो," ती म्हणाली. "आणखी कुणी नाही."