दिवाणखान्यातल्या गौरी

"अगं, धूर! आधी तो धूप बाहेर ने! चित्रं काळी पडतील!" हे लंडनहून व्हिडिओ कॉलवर ओरडले.

आता काय म्हणावं या माणसाला? स्वतःची बँक बुडाली, देश सोडावा लागला, परत पाऊल ठेवलं की पोलीस धरणार. पण रोजचा पहिला प्रश्न एकच, दिवाणखान्यातला एसी चालू आहे ना? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दिवशीही तोच.

लग्न झाल्यापासून माझ्या गौरी मागच्या खोलीत बसल्या, कारण दिवाणखान्यात यांची लाखमोलाची चित्रं. तिथे उदबत्ती नको, समई नको, हळदीकुंकवाच्या बायकाही नकोत.

"अहो, नीट बघा तरी!" मी फोन भिंतीकडे फिरवला. "सकाळीच जप्तीवाले सगळी घेऊन गेले."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा भिंत बघितली. माझाही राग जरा निवला.

"निदान खिळे तरी काढू नकोस," शेवटी ते म्हणाले. "परत आलो की लागतील."

"काढीन कशी?" मी म्हटलं. "गौरींच्या माळा त्यांवरच तर टांगल्यात."